पेशी-पेशीतला फरक आमच्या पोरांनाही बघू द्या

संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर पानभर मजकूर आला होता, सुरगाणा-पेठकडच्या तपासण्या, कार्डं, गोळ्या सगळं होतं, आणि अगदी शेवटी दोन ओळी होत्या की परदेशात आता जीन बदलायची ट्रीटमेंट आलीये पण ती आपल्या आवाक्याबाहेर आहे. त्या दोन ओळी आठवडाभर डोक्यातून गेल्या नाहीत म्हणून लिहायला बसले. ट्रीटमेंट आवाक्याबाहेर आहे हे खरंच, अमेरिकेत तिची किंमत २२ लाख डॉलर ठेवलीये. पण ती ज्या अभ्यासातून निघाली तो अभ्यास काही आवाक्याबाहेर नाही, तो इथं नाशिकमध्ये ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर होतो, सॉफ्टवेअर फुकट, डेटा फुकट, मी करून बघितलाय आणि माझ्या एका विद्यार्थिनीनं माझ्या डोळ्यांदेखत करून दाखवलाय. हे आपल्याकडं कुणी सांगतच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते, जागा असेल तर छापा.

मी एका कॉलेजात बायोटेक्नॉलॉजी शिकवते, तासिका तत्त्वावर. ज्या मुलीबद्दल सांगणार आहे ती सुरगाणा तालुक्यातली, एमएस्सीला आहे. तिच्या धाकट्या भावाला सिकलसेल आहे. थंडीत त्याचे हातपाय दुखायला लागले की हिचा फोन वाजतो आणि ही लेक्चर सोडून एसटी पकडते. वर्गात पहिल्या दिवशी तिनं मला विचारलं होतं, "मॅडम, एवढी जीनोमची माहिती आहे तर माझ्या भावाला तिचा काय उपयोग?" तेव्हा माझ्याकडं नीट उत्तर नव्हतं.

आधी मुद्दा समजावून सांगते, कारण तो कळल्याशिवाय पुढचं सगळं हवेत राहील. आपल्या अंगात अंदाजे ३७ लाख कोटी पेशी आहेत आणि ज्यांच्यात केंद्रक असतं त्या जवळजवळ प्रत्येकीत तोच डीएनए, तीच ३०० कोटी अक्षरं, यालाच जीनोम म्हणतात. मेंदूच्या पेशीत तेच, कातडीच्या पेशीत तेच, रक्तातल्या पांढऱ्या पेशीत तेच. (पिकलेल्या लाल पेशीत केंद्रक नसतं म्हणून डीएनए पण नसतो, ती अपवाद, पण ती ज्या पेशीपासून बनते तिच्यात असतो.) मग पुस्तक एकच तर एक पेशी विचार करते आणि दुसरी प्राणवायू वाहते, हे कसं? द्राक्षवाल्यांना हे मी वेगळं शिकवायची गरज नाही. एकच वेल, एकच काडी, पण एका डोळ्यातून घड निघतो आणि शेजारच्या डोळ्यातला घड जिरून त्याची बाळी होते, वाण तोच, वेल तोच, फक्त आत काय चालू झालं आणि काय बंद राहिलं त्यावर पूर्ण सीझनचा हिशोब बसतो. पेशीचं तसंच आहे. साधारण २०,००० जीन असे आहेत ज्यांच्यापासून प्रोटीन बनतं, ते सगळे सगळीकडं चालू नसतात, आणि कुठला कुठं चालू करायचा ते ठरवणारी बटणं डीएनएमध्येच असतात, जीनच्या आत किंवा बाहेर, कधी कधी तर फार लांब. प्रोटीन बनवणारा भाग पूर्ण डीएनएच्या १ ते २ टक्केच आहे, ही बटणं बहुतेक उरलेल्या भागात बसलीयेत.

ह्यूमन जीनोम प्रोजेक्ट १९९० ला सुरू झाला आणि २००३ ला संपला, तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं आता झालंच. पण अक्षरं वाचून झाली तरी कुठलं बटण कुठल्या पेशीत दाबलेलं आहे ते कळत नव्हतं, ते वेगवेगळ्या पेशी घेऊन शेजारी शेजारी ठेवून बघावं लागतं. म्हणून २००३ लाच एन्कोड नावाचा प्रकल्प निघाला, २०१५ ला रोडमॅप नावाच्या दुसऱ्या प्रकल्पानं १११ प्रकारच्या पेशी आणि टिश्यूंचे नकाशे एकदम प्रसिद्ध केले, आणि २०१६ पासून ह्यूमन सेल ॲटलस चालू आहे ज्यात माणसाच्या अंगातली प्रत्येक जातीची पेशी नोंदवायची असं ठरलंय. या कामांतला खूपसा डेटा कुणालाही बघता येतो, बराचसा डाउनलोड पण करता येतो, त्यासाठी कुणाच्या ओळखीची चिठ्ठी लागत नाही.

आणि तो उघडायला, तुलना करायला सॉफ्टवेअर आहेत. मी आणि त्या मुलीनं जे वापरलं त्याचं नाव सोरा, आर नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत चालतं, ठिपक्या ठिपक्यांनी चित्रं काढणाऱ्या एका फ्रेंच चित्रकाराच्या नावावरून नाव ठेवलंय, आणि स्क्रीनवर चित्र आलं की कळतं नाव का ठेवलं. पायथॉन येत असेल तर स्कॅनपाय आहे. कोडिंग अजिबात येत नसेल तर गॅलेक्सी नावाची साइट आहे, तिथं बटणं दाबून काम होतं. एकालाही पैसे लागत नाहीत.

आता त्या दिवसाचं सांगते. डिसेंबरातला रविवार, माझ्या घरी डायनिंग टेबलवर लॅपटॉप. आम्ही शिकणाऱ्यांसाठी ठेवलेला एक डेटा घेतला होता, एका निरोगी माणसाच्या रक्तातल्या २,७०० पांढऱ्या पेशी, प्रत्येक पेशीत कुठला जीन किती बोलतोय त्याचे आकडे. आकड्यांचा तक्ता बघितला तर काही कळत नाही, नुसती शून्यं शून्यं. पण सॉफ्टवेअर काय करतं, ज्या पेशींचं वागणं सारखं त्यांना जवळ आणतं आणि वेगळ्या असतील त्यांना लांब करतं, आणि स्क्रीनवर २,७०० ठिपके घोळके करून बसतात, गोदाघाटावर जत्रेला एकेका गावची माणसं एकत्र बसतात तसे. हा टी पेशींचा घोळका, तो मोनोसाइटचा, तिकडं कोपऱ्यात बी पेशींचा, सगळ्या प्रतिकारशक्तीचं काम करणाऱ्या पांढऱ्या पेशीच. मग कुठल्याही जीनचं नाव टाकायचं, तो जिथं चालू असेल ते ठिपके रंगतात.

तिनं टाकलं बीसीएल११ए. हे नाव तिनं आधी वाचून ठेवलं होतं. झालं असं की जन्माआधी बाळाच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं, गर्भातलं, आणि जन्मानंतर काही महिन्यांत ते बंद होऊन मोठ्यांचं सुरू होतं. सिकलसेलचा दोष मोठ्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये आहे, एका अक्षराचा बदल, फक्त एका. गर्भातल्या हिमोग्लोबिनमध्ये तो दोष नसतो. म्हणजे ते पुन्हा चालू करता आलं तर पेशी विळ्यासारखी वाकणं कमी होईल. आणि २००८ ला बोस्टनच्या संशोधकांनी दाखवलं की ते दाबून ठेवणारा जीन म्हणजे हाच, बीसीएल११ए. मग सोपंय असं वाटतं, तो बंद करून टाका.

ठिपके रंगले, थोडेच रंगले, पण बहुतेक बी पेशींच्या घोळक्यात. मुलगी स्क्रीनकडं बघत बसली आणि मग म्हणाली, "मॅडम, हा तर बी पेशीत पण कामाला आहे की. बंद केला तर माझ्या भावाची प्रतिकारशक्तीच जाईल ना?"

साहेब, मी बारा वर्षं शिकवतेय, इतका नेमका प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नव्हता. आणि तो पुस्तकातून आला नव्हता, समोर दिसलं म्हणून आला.

उत्तर पण आम्ही त्याच दुपारी बघितलं. अमेरिकेतल्या सांताक्रूझ विद्यापीठाचा जीनोम ब्राउझर आहे, म्हणजे जीनोम नकाशासारखा बघायची साइट, २००० सालापासून इंटरनेटवर आहे, मोबाईलवर पण उघडतो. त्यात २ नंबरच्या क्रोमोसोमवर जाऊन हा जीन उघडायचा आणि खाली वेगवेगळ्या पेशींच्या ओळी लावायच्या. डीएनए पेशीत गुंडाळून ठेवलेला असतो, जिथं बटण वापरात असतं तिथली गुंडाळी सैल होते, आणि ती सैल जागा ग्राफवर उंचवट्यासारखी दिसते. लाल पेशी ज्यांच्यापासून बनतात त्या पेशींच्या ओळीत जीनच्या आतच, सुरुवातीपासून साधारण ५५, ५८ आणि ६२ हजार अक्षरांवर तीन उंचवटे. बी पेशींच्या ओळीत त्याच जागी सपाट. म्हणजे जीन दोन्हीकडं तोच, पण लाल पेशींनी त्याच्यासाठी वेगळं बटण ठेवलंय! हे बोस्टनमध्येच २०१३ ला सापडलं, आणि ते सापडलं याचं कारण कुणीतरी दोन-तीन जातीच्या पेशी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. पुढं ५८ हजारवालं बटण क्रिस्पर या डीएनए कापायच्या तंत्रानं तोडायचं असं ठरलं, रुग्णाच्याच रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढून, तोडून, परत घालायच्या. बी पेशीतला जीन चालूच राहतो, लाल पेशींच्या वाटेवर मात्र तो मंदावतो आणि गर्भातलं हिमोग्लोबिन परत येतं. कॅसजेव्ही नाव आहे, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेनं परवानगी दिली. ही तीच ट्रीटमेंट, तुमच्या शेवटच्या दोन ओळींतली.

ती मुलगी ते तीन उंचवटे बोटानं स्क्रीनवर दाखवत होती, हा, हा आणि हा, आणि मग तिनं मोबाईलवर फोटो काढून भावाला पाठवला. त्यानं काय उत्तर दिलं ते तिनं मला सांगितलं नाही, मी विचारलं पण नाही.

सगळं काही सरळ झालं असं नाही. पहिल्यांदा आम्ही ब्राउझरमध्ये चुकीच्याच जागी बघत होतो, कारण जीनोमचे नकाशे मुख्यतः दोन चालतात, एक २००९ चा आणि एक २०१३ चा, जुन्या शोधनिबंधातला पत्ता नव्या नकाशात टाकला तर तुम्ही भलत्याच गल्लीत जाता, त्याला पत्ता बदलून देणारं वेगळं टूल आहे ते आधी वापरावं लागतं. दुसरी गोष्ट एक्सेलची. तिनं जीनची यादी एक्सेलमध्ये उघडली आणि सेव्ह केली, आठ दिवसांनी बघतो तर काही जीन गायब आणि त्यांच्या जागी ७ सप्टेंबर, १ मार्च अशा तारखा. सेप्ट७ आणि मार्च१ नावाचे जीन आहेत, एक्सेलला वाटलं तारीखच टाइप केलीये. ही चूक जगभर होत होती, २०१६ मध्ये कुणीतरी मोजलं तर एक्सेलमध्ये जीनच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात सापडली, आणि शेवटी २०२० ला जीनचीच नावं बदलावी लागली, सेप्टचं सेप्टिन झालं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण ही असली कामं कम्प्युटर आपोआप करतो असं लोकांना वाटतं, तसं नाहीये, इथं पण हात साफ लागतो आणि तो सरावानंच येतो.

सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच. दोन लॅबमधला डेटा घेतला की फरक दिसतोच दिसतो, पण तो पेशींचा आहे की लॅबचा? द्राक्ष तोडायच्या आधी गोडी बघायला रिफ्रॅक्टोमीटर लावतात, समजा दोन बागांची गोडी दोन वेगळ्या मीटरवर मोजली आणि एक मीटर नीट सेट केलेलंच नाही, तर व्यापारी म्हणेल या बागेत गोडी कमी आहे, आणि बागेत तसं काही नसतंच. पेशींच्या डेटात हे सतत होतं, मशीन वेगळं, केमिकल वेगळं, रक्त काढल्यावर किती तासांनी लॅबला पोचलं ते वेगळं. सॉफ्टवेअर तो मीटरचा फरक काढायचा प्रयत्न करतं, पण जास्त काढला तर पेशींमधला खरा फरक पण पुसला जातो, आणि कमी काढला तर खोटा फरक खरा वाटतो. तिथं माणसानंच डोकं लावावं लागतं. आमच्या मुलीनं पहिल्यांदा दोन डेटासेट जोडले तेव्हा तिला पेशींची एक अख्खी नवी जात सापडल्यासारखं वाटलं होतं, रात्री ११ ला फोन केला मला, आणि दोन दिवसांनी स्वतःच येऊन म्हणाली मॅडम ते मीटरचं निघालं. त्या "मीटरचं निघालं"साठी मी तिला पूर्ण मार्क दिले असते.

पण मार्क माझ्या हातात नव्हते. परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रोजेक्ट उलटापालटा करून बघितला आणि म्हणाले, "हे प्रॅक्टिकल नाही, हे इंटरनेटवरून काढलेलं आहे, हातानं काय केलं ते दाखवा." तिनं कोडची फाइल दाखवली, त्यांनी ती उघडली पण नाही. शेजारच्या मुलानं बाजारातल्या किटनं केळ्याचा डीएनए काढून वहीत आकृती चिकटवली होती, त्याला जास्त पडले. मी त्या मुलाला नावं ठेवत नाहीये, त्याला जे शिकवलं ते त्यानं केलं. पण तीन महिन्यांची रात्र-रात्र मेहनत "काढलेलं आहे" या एका शब्दात गेली, आणि ती व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती ते मला अजून दिसतं.

कॉलेजात कम्प्युटर लॅब आहे, ३० मशीन आहेत, पण ती वर्षातला बराच काळ ऑनलाइन परीक्षांसाठी कुलपात असते आणि उघडी असली तरी त्यावर काही इन्स्टॉल करायची परवानगी नाही, तीन अर्ज केले, तिन्ही वेळा "वर पाठवलंय" एवढंच ऐकलं. म्हणून डायनिंग टेबल.

आणि हे फक्त मार्कांचं पण नाही. आपल्याकडच्या सिकलसेलच्या रुग्णांमध्ये बहुतेकदा अरब-भारतीय म्हणतात तो प्रकार सापडतो, आणि त्यांच्यात मोठेपणी पण गर्भातलं हिमोग्लोबिन आफ्रिकन प्रकारांपेक्षा सहसा जास्त टिकून राहतं. म्हणजे जे बटण बोस्टनमध्ये तोडायची धडपड झाली ते सुरगाण्यातल्या काही लोकांमध्ये मुळातच जरा वेगळं वागत असेल का, की दुसरंच कुठलं बटण आहे, हे बघायला आपल्याच माणसांच्या पेशींचे नकाशे लागतील. जगातल्या नकाशांमध्ये बराचसा डेटा युरोपियन वंशाच्या लोकांचा आहे. सुरुवात आपल्याकडं झालीये, जीनोमइंडियामध्ये देशभरातले १०,००० जीनोम वाचायचं काम झालं, डेटा फरिदाबादच्या केंद्रात ठेवलाय, आशियातल्या पाच देशांनी मिळून रक्तातल्या पेशींचा ॲटलस केला त्यात भारत आहे. पण तो डेटा वाचणारी माणसं कुठून येणार? पुणे-बंगळुरूहूनच? पेठच्या पोराला तिथल्या कोकणा आदिवासींची बोली येते, कुठल्या पाड्यावर कुणाला दुखतं ते माहीत असतं, घरच्यांना रक्त कशाला देताय हे नीट समजावून तोच सांगू शकतो, आणि निष्कर्ष काय निघाला तो त्यांना परत येऊन पण तोच सांगेल. आत्तापर्यंत तपासणीवाले येतात, रक्त नेतात, कार्ड देतात. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं मिशन सुरू झालं, ७ कोटी लोकांची तपासणी करायची ठरली, चांगलंच आहे, हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या वेळेवर मिळाव्यात हे तर सगळ्यात आधी, ती गोळी स्वस्त आहे आणि ती पण गर्भातलं हिमोग्लोबिनच वाढवते. पण त्या कार्डाच्या पुढं काय आहे हे त्या घरातल्या शिकलेल्या मुलीला कळायला नको का?

आपल्या शहरात आरोग्य विद्यापीठ आहे, गंगापूर धरणाजवळ मुक्त विद्यापीठ आहे, मराठीतून शिकवायचा एवढा अनुभव त्यांच्याकडं आहे. सहा आठवड्यांचा छोटा कोर्स मराठीतून काढा ना, आर कसं इन्स्टॉल करायचं इथपासून, पेशींचे घोळके कसे बघायचे, बटणं कशी शोधायची, मीटरचा फरक कसा ओळखायचा. टर्म इंग्रजी राहू देत, काही बिघडत नाही, पण समजावणं मराठीत पाहिजे, कारण एरर आली की पोरं घाबरतात आणि ती लाल अक्षरं काय म्हणतायत हे कुणीतरी आपल्या भाषेत सांगितलं की तिसऱ्या दिवशी स्वतःच सोडवायला लागतात. आणि विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी एवढं करावं की कम्प्युटरवरचं विश्लेषण हे प्रॅक्टिकल धरलं जाईल असं एका ओळीत लिहून टाकावं, परीक्षकानं कोड उघडून बघायचा, विद्यार्थ्याकडून समोर चालवून घ्यायचा, मग चोरलंय की केलंय ते पाच मिनिटांत कळतं.

मी माझ्यापुरतं ठरवलंय की दर रविवारी सकाळी १० ते १ फुकट शिकवायचं. सात पोरं तयार आहेत, दोघं दिंडोरीहून येतात, एक त्र्यंबकहून. घरात आता जागा पुरत नाही. नाशिकमध्ये कुणा वाचनालयाची, शाळेची, संस्थेची एखादी खोली रविवारी रिकामी असेल, दहा प्लग पॉइंट आणि चालू इंटरनेट असेल, तर कृपया पेपरच्या ऑफिसात निरोप ठेवावा, मी येऊन बघून जाईन. लॅपटॉप आमचे आम्ही आणू, फक्त दोन पोरांकडं नाहीयेत, कुणाकडं जुना चालू स्थितीतला पडला असेल तर तोही चालेल, ८ जीबी रॅम असावी एवढंच बघा.

आपली,
तासिका तत्त्वावर शिकवणारी एक शिक्षिका, इंदिरानगर, नाशिक
(नाव छापू नये ही विनंती, त्या मुलीचं गाव पण विचारू नये.)